शहरभर रंगीत हत्ती उभे करायचे तर: साच्यापासून लिलावापर्यंत

फायबरचे पंचवीस हत्ती रंगवून शहरात मांडायचे असं ठरलं की पहिल्या बैठकीचे दोन तास चित्रकार कोण घ्यायचे आणि फीत कोणी कापायची यातच जातात. खरं तर रंगकाम हा या खटाटोपातला सगळ्यात सोपा भाग. उपक्रम फसतो तो दुसरीकडेच: कानाची कड पातळ राहिली, मूर्तीखालची बैठक दोनशे किलोने हलकी पडली, प्रायमरखालचं मेण पुसायचं राहून गेलं, किंवा वॉर्ड ऑफिसच्या अर्जात एक शब्द चुकला. म्हणून या लेखात रंगाइतकीच जागा रंगाखालच्या गोष्टींना दिली आहे.

हा प्रकार जगभर पसरला तो स्वित्झर्लंडमधल्या झुरिचमधून. तिथल्या व्यापाऱ्यांनी १९८६ साली रस्त्यांवर रंगवलेले सिंह मांडले आणि १९९८ मध्ये आठशेच्या आसपास गायी. कल्पना वॉल्टर क्नाप यांची. मूळ गायी घडवल्या त्यांचे चिरंजीव, शिल्पकार पास्कल क्नाप यांनी, तीन ढबींत: उभी, चरणारी आणि बसलेली. शिकागोचे व्यावसायिक पीटर हॅनिग यांनी त्या पाहिल्या आणि १९९९ मध्ये शिकागोत तीनशेहून जास्त गायी उभ्या राहिल्या. पुढे २००१ मध्ये बर्लिनमध्ये अस्वलं आली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २००७ साली ‘एलिफंट परेड’ सुरू झाली. तिच्यामागे होती थायलंडमधली मोशा, भूसुरुंगावर पाय पडून एक पाय गमावलेली हत्तीण. हीच परेड २०१८ मध्ये १०१ हत्ती घेऊन मुंबईत आली होती. आकडा घेतला होता देशातल्या हत्तींच्या तेव्हा नोंदलेल्या १०१ भ्रमणमार्गांवरून.

विदर्भातल्या माणसाला यात फारसं नवल वाटायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी नंदी सजवून पोरं गल्लीत आणतात तेव्हा हेच तर चालू असतं. फरक एवढाच, की तो नंदी संध्याकाळी घरी जातो. आपला हत्ती महिना-दोन महिने उन्हात, धुळीत आणि लोकांच्या हाताखाली उभा राहणार आहे.

प्राणी कोणता

चार जाड पाय, रुंद पाठ, मोठं सलग अंग आणि बाहेर आलेले भाग कमीत कमी, एवढं पाहा. टोरांटोत २००० साली मूसचे, म्हणजे तिथल्या मोठ्या सांबरासारख्या प्राण्याचे, पुतळे मांडले होते. त्यांची शिंगं लोकांनी तोडून नेली. मुंबईत फ्लेमिंगोचा मोह होतो, पण दोन काड्यांवरचा तो पक्षी वाऱ्यालाही टिकत नाही आणि सेल्फीलाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू गोड दिसतो, मात्र त्याची शेपूट सांभाळायला आतला सांगाडा दुप्पट करावा लागतो. गोव्याचा राज्यप्राणी गवा मात्र या कामासाठीच घडवल्यासारखा आहे: भरदार खांदे, आखूड पाय, शिंगंही डोक्याला लगटून. कोणी गोव्यात करणार असेल तर डोळे झाकून गवा घ्या.

इथली सगळी मापं दीड मीटर उंच, साधारण १.६ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद अशा हत्तीच्या पिल्लाची आहेत. सोंड अंगाला चिकटलेली किंवा खाली वळलेली ठेवा. वर उचललेली सोंड छायाचित्रात छान दिसते, पण तिसऱ्या दिवशी तिला कोणीतरी लोंबकळतं.

आणखी एक. आधी गाजलेल्या उपक्रमांची नावं नोंदणीकृत आहेत आणि त्यांच्या मूर्तींच्या घडणीवर त्यांचा हक्क आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार मूर्तीवरून साचा काढू नका. स्थानिक शिल्पकाराकडून नवी मूर्ती घडवून घ्या आणि साचा कोणाच्या मालकीचा राहील ते त्याच वेळी लिहून ठेवा.

अर्जातला तो एक शब्द

‘पुतळा’ हा तो शब्द. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नका, असा आदेश राज्यांना दिला. त्यामुळे ‘पदपथावर २५ पुतळे बसवणे’ असा विषय दिसला की फाइल तिथेच थांबते, आणि थांबवणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. अर्जात ‘तात्पुरतं कलाप्रदर्शन’ लिहा, मांडण्याची आणि उचलण्याची तारीख द्या, आणि कुठेही खोदकाम होणार नाही हे नमूद करा. त्याहून शहाणपणाचं म्हणजे निम्म्याहून जास्त जागा पदपथाबाहेरच्या निवडणं: बागा, संग्रहालयांची आवारं, मेट्रो स्थानकं, कॉलेजं, मॉलची पुढची मोकळी जागा. तिथे जागामालकाचं पत्र पुरतं आणि रात्रीचा पहारेकरीही आयता मिळतो.

पदपथ घ्यायचाच असेल तर मूर्ती मांडल्यावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी उरली पाहिजे. रस्त्यांच्या भारतीय मानकांत, आयआरसी १०३ मध्ये, तेवढी सांगितली आहे. बाजारपेठेत याहून जास्त सोडा. अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्यांवर बैठक येता कामा नये. चौकापासून लांब राहा, नाहीतर वाहतूक पोलीस ‘दृष्टी अडते’ असा शेरा मारतील आणि तो बरोबरच असेल. वारसा परिसरात वारसा समितीची परवानगी लागते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे साधा चौथराही वादात सापडतो.

प्रायोजकाचा लोगो हत्तीच्या पाठीवर आला की महापालिकेच्या लेखी ती जाहिरात होते आणि प्रकरण जाहिरातफलकांना परवाने देणाऱ्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे जातं. लोगो बैठकीवरच्या छोट्या पाटीपुरता ठेवा, आणि तेही आधी विचारून. कंपन्यांशी बोलताना हेही ध्यानात असू द्या: जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात धरता येत नाही. लोगो हवा असेल तर पैसे जाहिरातीच्या खात्यातून. हे पहिल्याच भेटीत सांगितलं नाही तर मार्चमध्ये कंपनीच्या हिशेबनिसाचा फोन येतो.

मुहूर्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला काढा. पाऊस संपलेला असतो, गणपती-नवरात्रातली मंडपांची गर्दी नसते आणि दुपारचं ऊन सोसवतं. फेब्रुवारीत उद्घाटन करायचं तर आदल्या मार्चमध्ये अर्ज गेलेले हवेत. पावसाळ्यात साचे आणि मूर्ती होतात, दिवाळीनंतर रंगकाम.

फायबरचं गणित

फायबर म्हणजे काचतंतूंची मॅट आणि पॉलिस्टर रेझीन. सिमेंटची मूर्ती वजनाने हलवता येत नाही, पीओपी पहिल्या पावसात भिजते, थर्माकोलवर सालपट चढवलेली मूर्ती लाथेने पिचते. फायबर या तिन्हींतून सुटतो, पण नीट बनवला तरच.

दीड मीटरच्या हत्तीचं पृष्ठफळ ७ चौरस मीटरच्या आसपास भरतं. त्यावर आधी जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रेझीनचा गुळगुळीत थर, मग ३०० ग्रॅमची एक मॅट आणि ४५० ग्रॅमच्या तीन. ४५० ग्रॅमचा एक थर साधारण १ मिलिमीटर जाडी देतो, म्हणजे एकूण ४ मिलिमीटरच्या वर भिंत मिळते. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझीन लागतं. काटछाट आणि नासधूस धरून एका हत्तीला जेलकोट ४ किलो, मॅट १३ ते १४ किलो आणि रेझीन ३० ते ३२ किलो, असा हिशेब धरा. तयार कवच ४५ किलोच्या आसपास भरतं. कारखानदाराने ‘तीस किलोत बसवतो’ म्हटलं तर तो एक थर खाणार आहे, असं समजा. करारात मॅटचे थर आणि तयार वजन दोन्ही लिहा, आणि माल घेताना काटा लावा. सगळ्या लेखातली सर्वांत स्वस्त तपासणी हीच.

सोंड, पाय आणि पोटाखालचा भाग यामुळे साचा किमान पाच तुकड्यांचा होतो. एका साच्यातून दोन दिवसांत एक मूर्ती निघते. पंचवीस मूर्तींना एका साच्यावर दोन महिने लागतील, दोन साचे केले तर महिना.

काम असं चालतं. साच्याला मेणाचे चार-पाच हात, प्रत्येक हात वाळवून चमकवलेला. मग जेलकोट, अर्धा मिलिमीटर. मॅट चढवायची वेळ घड्याळावर ठरवू नका, बोटाने ठरवा: साच्याच्या कडेला टेकवलेलं बोट चिकटलं पाहिजे, पण उचलल्यावर बोटाला रंग लागता कामा नये. ओला असताना मॅट चढवली तर जेलकोट सुरकुततो आणि मगरीच्या कातडीसारखा दिसतो. फार वाळू दिला तर मॅट त्याला धरत नाही आणि वर्षभराने पापुद्रे सुटतात. पहिली मॅट ३०० ग्रॅमची असते ती याचसाठी, की पातळ मॅट कोपऱ्यात नीट बसते. प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवा काढायची. पांढुरके ठिपके म्हणजे आत अडकलेली हवा; पुढे उन्हात तिथेच फोड येतो.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी, रेझीनच्या १ ते २ टक्के. २५ अंशांना दीड टक्क्याचं मिश्रण वीसेक मिनिटं पुरतं; तेच ३८ अंशांना दहा मिनिटांत बादलीतच घट्ट होऊन धूर सोडायला लागतं. उन्हाळ्यात प्रमाण १ टक्क्यापर्यंत आणा, एका वेळी एकच किलो मिसळा आणि सकाळी लवकर काम उरका. मात्र १ टक्क्याच्या खाली जाऊ नका. मिश्रण घट्ट झालेलं दिसतं, पण आतून कधीच पूर्ण पिकत नाही. कोबाल्ट (रेझीन लवकर पिकवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. त्यामुळे कोबाल्ट आधीच घातलेलं रेझीन घेणं बरं. नसेल तर दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत, आणि मिसळणारा माणूस एकच.

कानांच्या आणि शेपटीच्या कडांना मॅटची आणखी एक पट्टी मारून ८ मिलिमीटर जाडी करा. मग कड गोल घासा, पोरांचे हात तिथेच जातात. पोटाखाली आणि चारही तळव्यांना ८ मिलिमीटरची भोकं पाडायला विसरू नका. सांध्यांतून पाणी आत झिरपतंच. भोक नसलेली मूर्ती पाऊस नसतानाही नुसत्या दवाने महिनाभरात आत तांब्याभर पाणी साठवते आणि मग पायाशी गंजाचा ओघळ दिसायला लागतो.

साच्यातून काढल्यावर मूर्ती आठवडाभर सावलीत, हवेशीर ठेवा. पोटातल्या भोकाला नाक लावा: रेझीनचा झोंबणारा वास येत असेल तर ती अजून पिकलेली नाही. अशा मूर्तीला प्रायमर मारला की आतली वाफ बाहेर पडताना फोड आणते.

सांगाडा, बैठक आणि वारा

आत ४० बाय ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप चारही पायांतून पाठीपर्यंत नेऊन जोडायचा. प्रत्येक पायाखाली १५० मिलिमीटर चौरस, ८ मिलिमीटर जाडीची प्लेट आणि तीतून १६ मिलिमीटरचा एक बोल्ट. जोड आणि वेल्डिंगच्या जागा घासून रेड ऑक्साइडचे दोन हात. सांगाड्याभोवती मॅट गुंडाळून तो कवचाला पक्का करा. नुसता फोम भरून चालत नाही. कोणी पाठीवर चढलं की फोम दबतो, पाइप मोकळा होतो आणि पायाला तडा जातो. चढू नका अशी पाटी लावा, पण सांगाडा मात्र चढतीलच असं धरून बनवा.

बैठकीचं वजन अंदाजाने ठरवू नये. हत्तीची एक बाजू साधारण दीड चौरस मीटर. ताशी ११५ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला ३२ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६१० न्यूटनच्या आसपास येतो. आकाराचा गुणांक १.२ धरला की मूर्तीवर एकूण रेटा ११०० न्यूटन, तोही जमिनीपासून जवळजवळ एक मीटरवर. बैठकीची अरुंद बाजू १ मीटर असेल तर उलटण्याचा टेकू मध्यापासून अर्ध्या मीटरवर येतो. म्हणजे नुसता तोल राखायलाच २२५ किलो हवेत. दीडपट सुरक्षितता धरली की ३४० किलो. १.२ बाय १ मीटर आणि १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा ठोकळा ४३० किलोंचा होतो, तो चालतो. हे गणित तुमच्या जागेच्या वाऱ्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून त्याची सही घ्या. पोलीस आणि विमा कंपनी दोघंही ती मागतात. समुद्रकिनारी किंवा दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळात वारा जास्त असतो, तिथे वजन वाढतं.

४३० किलोंचा ठोकळा उचलायला हायड्रा क्रेन लागते, आणि जुन्या शहरातल्या गल्ल्यांत हायड्रा शिरत नाही. तिथे काँक्रीटऐवजी ३० सेंटिमीटर उंच लोखंडी पेटी करा, वर पत्र्याचं झाकण. जागेवर नेऊन पंचवीस किलोच्या सोळा-सतरा वाळूच्या गोण्या आत रचल्या की काम झालं. पेटीला चौघं पुरतात. वाळू सुटी ओतू नका, काढताना जीव जातो.

नुसत्या मूर्तीलाही चौघं पुरतात, आणि हेच चोराच्याही लक्षात येतं. स्टॉकहोममध्ये २००४ साली काही जणांनी एक गाय पळवून नेली आणि ‘या गायी कला नव्हेत असं जाहीर करा’ अशी मागणी केली. म्हणून नट आवळल्यावर बोल्टला वेल्डिंगचा एक टाका मारा. काढताना ग्राइंडरने दोन मिनिटांत सुटतो. रात्री दोन वाजता पान्याने सुटत नाही.

रंगाखाली काय, रंगावर काय

मूर्ती चित्रकाराकडे जाण्याआधी अॅसिटोनने पुसा. कापड दर हात-दोन हातांवर बदला, नाहीतर साच्याचं मेण निघत नाही, नुसतं पसरतं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, खड्डे दिसतील तिथे पॉलिस्टर लांबी (पुट्टी), नंतर २२० आणि ३२० चा पेपर पाण्याने. हा क्रम उलटा केला, म्हणजे घासून मग पुसलं, तर मेण घासलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि तिथे माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडतात. इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमरचे दोन हात, पांढरा रंग, साधारण २ लिटर. चोवीस तासांनी नख ओढून पाहा, निघता कामा नये.

वरचं चित्र चांगल्या प्रतीच्या अॅक्रिलिकने. एका हत्तीला तळाचा रंग २ ते ३ लिटर लागतो, बारीक कामाचे डबे वेगळे. पोस्टर रंग नकोत, घरचा डिस्टेंपर नको. फ्लोरोसंट गुलाबी आणि पोपटी रंग उन्हात काही आठवड्यांतच फिके पडतात; ते हवेच असतील तर बंदिस्त जागेतल्या मूर्तीवर वापरा. पाठीवर मोठा काळा पट्टा टाळा. भर उन्हात तो हात भाजेल इतका तापतो, आणि साधं रेझीन साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. त्या उष्णतेत मॅटची जाळी रंगातून वर उमटते.

एक गोष्ट हमखास फसते. चित्रकार बारीक रेषा परमनंट मार्करने काढतात. दोन दिवसांनी त्यावर पीयू क्लिअर कोटचा, म्हणजे चित्रावरच्या पारदर्शक संरक्षक थराचा, भरगच्च हात बसला की त्यातलं थिनर शाई विरघळवतं, काळी रेष जांभळी होते आणि डोळ्याच्या कडेने काजळ फुटल्यासारखी पसरते. ते पुसता येत नाही. तेवढा भाग घासून पुन्हा काढावा लागतो. उपाय दोन. मार्करऐवजी अॅक्रिलिक शाईची पेनं द्या, किंवा क्लिअर कोटचा पहिला हात लांबून, जेमतेम धुकं बसल्यासारखा मारा आणि तो वाळल्यावरच पुढचे हात घ्या. काहीही झालं तरी प्रायमर मारलेल्या फायबरच्या तुकड्यावर आधी प्रयोग करा. साचा साफ करताना उरलेले तुकडे त्यासाठीच जपून ठेवायचे असतात.

चित्र पूर्ण झाल्यावर तीन दिवस थांबा, मग यूव्ही रोधक दोन घटकी पीयू क्लिअरचे तीन हात, एकूण २ लिटरच्या जवळपास. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असेल तर काम बंद. क्लिअर दुधाळ होतो. खालच्या अर्ध्या मीटरला चौथा हात द्या, कारण पानाच्या पिचकाऱ्या तिथे येतात. या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्कचा त्याला काही उपयोग नाही. सेंद्रिय बाष्पाचं काडतूस असलेला मास्क आणि मोकळी हवा, यात तडजोड नाही. हे काम चित्रकारांवर सोडू नका, गाड्या रंगवणाऱ्या कारागिराला बोलवा.

आरसे, बांगड्या, घुंगरं चिकटवायचे असतील तर दोन घटकी इपॉक्सीच. अख्ख्या अंगावर ३ मिलिमीटरच्या आरशांचं काम केलं तर नुसत्या काचेचं वजन पन्नास किलोंच्या वर जातं, म्हणजे कवच दुप्पट जड होतं. हे वाहतुकीला आणि बैठकीला आधी कळवा. हाताच्या उंचीवर काचेची उघडी कड ठेवू नका. कापड, लोकर, कागद हे सगळं फक्त छपराखाली.

चित्रकाराशी करार आणि डिझाइनची चाळणी

आमंत्रणासोबत मूर्तीची डावी, उजवी, समोरची, मागची आणि वरची बाजू दाखवणारा रेखाटनाचा कागद पाठवा. वरची बाजू विसरू नका. बसमधून आणि पुलावरून हत्तीची पाठच दिसते. समितीत एक चित्रकार, एक आयोजक आणि एक असा माणूस घ्या ज्याला शहरात कशाने भडका उडतो ते ठाऊक आहे. न्यूयॉर्कमध्ये २००० साली दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी मुंडकं उडवलेली, अंगात काटे-सुऱ्या खुपसलेली गाय करून दिली. ती नाकारावी लागली. आधी चाळणी झाली असती तर निदान गाय वाचली असती.

आपल्याकडे चाळणी वेगळ्या कारणासाठीही लागते. हत्तीवर गणपती, ओम किंवा स्वस्तिक आलं की तिसऱ्या दिवशी समोर हळदकुंकू आणि नारळ दिसतो, आठवड्याने तेलाचा दिवा लागतो, आणि मग तो हत्ती हलवायला गेलात तर भावना दुखावतात. तेल क्लिअर कोटवर बसतं ते वेगळंच. देवदेवतांची चिन्हं नकोत, हे नियमांत पहिल्या क्रमांकाला लिहा. पायावर आणि शेपटीखाली माणसांचे चेहरेही नकोत.

करारात चार गोष्टी तरी हव्यातच: मानधन आणि रंगसाहित्य कोणाचं, चित्राचा स्वामित्वहक्क कोणाकडे, छायाचित्रं आणि टी-शर्ट-मगवर छापायची परवानगी किती काळ, आणि मूर्ती विकली गेली तर पैसे कोणाला. स्वामित्वहक्क लेखी दिल्याशिवाय हलत नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षंच धरली जाते. चित्रकाराकडून आणखी एक वस्तू मागून घ्या: वापरलेल्या प्रत्येक रंगाची शंभर मिलिलिटरची बाटली, नाव आणि मिश्रण लिहून. पुढे दुरुस्तीला तीच उपयोगी पडते.

मांडणी आणि रोजची चक्कर

पंचवीस हत्ती तीन-चार झुपक्यांत ठेवा, प्रत्येक झुपका पायी अर्ध्या-पाऊण तासात होईल असा. एकटा लांबचा हत्ती कोणी पाहायला जात नाही. वाहतुकीला मालवाहू छोटी गाडी पुरते, जिला आपल्याकडे छोटा हत्तीच म्हणतात. पण एका गाडीत एकच मूर्ती, गादीवर उभी, पट्ट्याने आवळलेली. सुतळी क्लिअर कोटवर घासून चर पाडते. मांडणी रात्री अकरा ते पहाटे पाच, आणि मांडल्यावर लगेच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

बैठकीवर क्रमांक, चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, नकाशाचा क्यूआर आणि तक्रारीचा फोन. जमल्यास ब्रेलमध्येही एक ओळ. या मूर्ती हाताने पाहण्याजोग्या आहेतच.

रोज सकाळी एक चक्कर, दोन माणसं. सोबत सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकी, स्टिकर काढायला प्लास्टिकची पट्टी (चाकू नाही), ८०० आणि १५०० नंबरचे पेपर, पॉलिश आणि त्या रंगांच्या बाटल्या. पानाचे डाग त्याच दिवशी पुसले तर निघतात, उन्हात भाजले की उरतात. किल्लीने कोरलेली नावं त्याच दिवशी भरून टाका. एक बदाम दिसला की शेजारी दुसरा येतो. कान तडकला तर आतून मॅटचे दोन थर मारून, बाहेरून लांबी, प्रायमर, रंग, क्लिअर. तीन दिवसांचं काम आहे, म्हणून तेवढ्या काळासाठी ‘दवाखान्यात गेलाय’ अशी पाटी बैठकीवर ठेवतात. लोक चिडत नाहीत, उलट चौकशी करतात.

लिलाव आणि परतीचा प्रवास

शिकागोच्या लिलावात गायींनी काही दशलक्ष डॉलर मिळवले, तेव्हापासून बहुतेक शहरांत शेवट लिलावानेच होतो. तो उरकायच्या घाईत दोन चुका होतात. पहिली म्हणजे लागणाऱ्या बोलीत खर्च निघेल असं धरणं. साचा, मूर्ती, बैठक, वाहतूक आणि विमा यांचे पैसे प्रायोजकांकडून आधीच उभे राहिलेले हवेत, बोली पूर्णपणे ज्या कामासाठी आहे त्यालाच जावी. दुसरी म्हणजे मापं न सांगणं. ९० सेंटिमीटर रुंद हत्ती बऱ्याच फ्लॅटच्या दारातून जात नाही आणि लिफ्टमध्ये तर नाहीच. यादीत प्रत्येक मूर्तीची लांबी, रुंदी, उंची आणि वजन बैठकीसह आणि बैठकीविना छापा. ओरखडे, दुरुस्त्या, फिके रंग हे सगळं लिहा. बाहेर ठेवणार असाल तर दर दोन वर्षांनी क्लिअर कोट नवा मारावा लागेल, हेही.

लिलावाच्या आधी मूर्ती गोदामात आणून धुवा, पण झाकण्यासाठी प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका. खाली ओल धरते आणि क्लिअरला पांढरे चट्टे येतात. जुन्या चादरी उत्तम. रस्त्यावरच्या जागा मात्र त्याच रात्री मोकळ्या करायच्या. वाळू झाडून घ्या, गंजाचे डाग असतील तर फरशी घासा, आणि मांडणीच्या रात्री काढले होते त्याच कोनांतून फोटो काढा. अनामत रक्कम परत मागायला वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हा ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे आहेत.